क्वाड बाइकचं स्टिअरिंग: कोणते पार्ट स्टॉक ठेवावेत, कोणते आफ्टरमार्केट घ्यावेत

क्वाड, म्हणजे चार चाकांची, हँडलने वळणारी रानवाटांवरची बाइक, हातात आली की थोड्याच दिवसांत हँडल बदलावंसं वाटू लागतं. रंगीत ॲल्युमिनियमचे बार, उंच स्टेम, जाडजूड टाय रॉड, डॅम्पर, आणि प्रत्येक वस्तूखाली ‘स्टॉकपेक्षा मजबूत’ असं लिहिलेलं. गाडीवर कंपनीने मुळात दिलेला तो स्टॉक पार्ट, दुसऱ्या कंपनीने बनवून विकलेला तो आफ्टरमार्केट. नवख्या माणसाची फसगत इथेच होते. हँडलपासून चाकापर्यंत सगळे भाग एकाला एक जोडलेले असतात. त्यातल्या एकाची ताकद वाढवली की बसणारा धक्का नाहीसा होत नाही, तो पुढच्या भागावर जातो. कधी कधी त्या पुढच्या भागाची किंमत पहिल्याच्या कितीतरी पट असते.

म्हणून माझं मत आधीच सांगतो. हाताला जे लागतं ते आवडीप्रमाणे खुशाल बदला. जे झिजतं ते कंपनीचं किंवा त्याच तोडीचं घ्या. आणि ज्याने पुढच्या चाकांची भूमिती बदलते, त्याला पूर्ण सेट घ्यायची तयारी असल्याशिवाय हात लावू नका. बाकीचा लेख म्हणजे हे प्रत्यक्षात कसं ठरवायचं ते.

पायरी १: आधी सगळी जोडणी डोळ्यांनी बघा

पुढचं प्लॅस्टिक काढा आणि वरून खाली बघत जा. हँडलबार क्लॅम्पमध्ये धरलेला असतो आणि क्लॅम्प एका उभ्या दांड्यावर, म्हणजे स्टिअरिंग स्टेमवर असतात. स्टेम वर बुशमध्ये फिरतो, खाली बहुधा बेअरिंगमध्ये. त्याच्या तळाशी एक जाड पट्टी असते आणि तिला डावा आणि उजवा असे दोन टाय रॉड जोडलेले असतात. टाय रॉडच्या दोन्ही टोकांना टाय रॉड एंड असतात; बाहेरचा एंड नकलला, म्हणजे हँडल फिरवल्यावर चाकासकट वळणाऱ्या भागाला, जोडतो. चाकाचा हब याच नकलवर बसतो. नकलला धरून ठेवतात ए-आर्म, म्हणजे फ्रेमपासून चाकाकडे जाणारे ‘A’ आकाराचे दांडे, आणि त्यांच्या टोकाचे बॉल जॉइंट. काही युटिलिटी क्वाडमध्ये वरच्या आर्मऐवजी स्ट्रट, म्हणजे शॉक असलेला उभा दांडा, असतो, पण कल्पना तीच.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. मोटारीत असतो तसा स्टिअरिंगचा गिअरबॉक्स बहुतेक क्वाडमध्ये नसतो. चाक दगडावर आपटलं की तो हिसका थेट मनगटात येतो, आणि जॉइंटमधली मिलिमीटरभर ढिलाईसुद्धा हँडलच्या टोकाला मोठी होऊन जाणवते. म्हणून पुढची पायरी कुणीही वगळू नये.

पायरी २: दोष नेमका कुठे आहे ते शोधा

‘स्टिअरिंग ढिलं झालंय’ एवढ्यावर पार्ट मागवू नका. सुरुवात टायरपासून करा. क्वाडच्या टायरमध्ये हवा फार कमी असते, अनेक मॉडेलमध्ये ३ ते ७ पीएसआयच्या घरात, त्यामुळे दोन बाजूंत १ पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एकीकडे ओढू शकते. मोटारीसाठीचा गेज एवढा कमी दाब नीट दाखवत नाही. कमी दाबाचा वेगळा गेज मिळतो, तो घ्या. हवा सारखी केल्यावर ‘स्टिअरिंगचा दोष’ गेला, तर पुढचा सगळा खर्च वाचला.

तरीही दोष राहिला तर गाडी सपाट जागी घ्या, मागची चाकं अडवा, पुढचा भाग जॅकने उचला आणि पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही.

आता चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. ढिलाई जाणवली तर ती बॉल जॉइंटमध्ये तरी आहे किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये. दोन्हींतला फरक ओळखायचा सोपा उपाय असा: कुणाला तरी पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा हलवा. ढिलाई गायब झाली तर बेअरिंग गेलंय. तशीच राहिली तर बॉल जॉइंटवर बोट ठेवा आणि पुन्हा हलवायला सांगा. झिजलेला जॉइंट बोटाखाली ‘टक’ करतो, ते डोळ्यांना दिसण्याआधी हाताला कळतं.

मग चाक डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवा. इथे ढिलाई असेल तर बहुधा टाय रॉड एंड. एकेका एंडवर बोट ठेवून कोणता ते शोधा; बऱ्याचदा चारांपैकी एकच गेलेला असतो. शेवटी हँडल दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि वर-खाली ओढा. पुढे-मागे हललं तर वरचा बुश, वर-खाली हललं तर खालचं बेअरिंग किंवा त्याचा नट.

याच वेळी रबरी बूट तपासा. बूट फाटला असेल तर जॉइंट आज घट्ट वाटला तरी आत चिखल शिरलेला असतो आणि तो फार दिवस टिकत नाही. टाय रॉड वाकलेत का हे बघायला डावा-उजवा एका नजरेत येतील असे समोर बसा; थोडासा बाकसुद्धा लगेच दिसतो.

पायरी ३: एकेका पार्टचा निर्णय

हँडलबार. आफ्टरमार्केटवर पैसे खर्च करायला सगळ्यात योग्य जागा हीच. स्टॉक बार बरेचदा साध्या स्टीलचा, २२.२ मिलिमीटर व्यासाचा असतो. आफ्टरमार्केटमध्ये ॲल्युमिनियमचे दोन प्रकार मिळतात: त्याच व्यासाचे, मध्ये आडवी पट्टी असलेले, आणि क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटर जाड असणारे, आडव्या पट्टीशिवायचे. रेन्थल, प्रोटेपर अशा कंपन्यांचे दोन्ही प्रकारचे बार मिळतात. ग्रिपची जागा दोन्हींत २२.२ मिलिमीटरच असते, त्यामुळे ब्रेकचं लिव्हर आणि अंगठ्याचा थ्रॉटल बसतो. पण जाड बारला क्लॅम्प वेगळे लागतात, म्हणजे खर्च दोन वस्तूंचा.

स्टील आणि ॲल्युमिनियम यांतला खरा फरक पडल्यानंतर कळतो. स्टील वाकतं आणि वाकलेलं दिसतं. चांगल्या ॲल्युमिनियमचा बार बराच मार सहन करतो, पण वाकलाच तर तो सरळ करून पुन्हा वापरायचा नाही. पुढच्या वेळी तो क्लॅम्पपाशी तडकू शकतो. चाकं सरळ आणि बार तिरका दिसत असेल, तर क्लॅम्प सोडवून बार सपाट फरशीवर ठेवून बघा.

बार निवडताना रंगापेक्षा तीन मापं बघा: उंची, रुंदी आणि टोकं मागे किती वळली आहेत ते. उभं राहून चालवणाऱ्याला उंच बार बरा पडतो. झाडीतल्या अरुंद वाटांवर जाणाऱ्याला रुंद बार अडचणीचा होतो. एक बारीकसारीक वाटणारी गोष्ट: काही मॉडेलमध्ये स्विचच्या डबीत आतून एक छोटी पिन असते, जी स्टॉक बारच्या भोकात बसते. नव्या बारला ते भोक नसतं. बारला ड्रिल मारू नका, तिथेच तो कमजोर होतो. पिन घासून काढलेली परवडते.

स्टेम. इथे माझा कल स्टॉककडे आहे. आफ्टरमार्केट स्टेम बहुधा ४१३० क्रोमोलीचे असतात. हे क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद साध्या स्टीलपेक्षा मजबूत असतं. काही स्टेम स्टॉकपेक्षा इंच-दोन इंच उंचही मिळतात. शर्यतीत उतरणाऱ्याला किंवा खूप उंच माणसाला त्याचा उपयोग आहे. बाकीच्यांना हवी ती उंची जास्त उंच बारने मिळते, तीही कमी खर्चात. स्टेम पिळला गेला असेल, तर तो सरळ करण्याचा नाद सोडा आणि नवा स्टॉक स्टेम बसवा. वरचा बुश मात्र झिजणारी स्वस्त वस्तू आहे, तो वेळेवर बदलला की निम्म्या तक्रारी मिटतात. तुमच्या क्वाडला पॉवर स्टिअरिंग असेल तर स्टेमच्या बाबतीत कंपनीच्या पार्टबाहेर जाऊच नका. तिथे मोटर आणि तुमच्या हाताचा जोर मोजणारा सेन्सर त्याच जोडणीत बसलेला असतो.

टाय रॉड. या एका पार्टवर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. झाडाच्या बुंध्यावर चाक आपटलं की स्टॉक टाय रॉड वाकतो. लोक म्हणतात, ‘किती कच्चा आहे!’ पण तो वाकतो म्हणून नकल, स्टेम आणि फ्रेमवरची स्टेमची जागा वाचते. घरातला फ्यूज जसा स्वतः जळून वायरिंग वाचवतो, तसंच हे काम आहे. टाय रॉड स्वस्त असतो आणि वाकलेल्या रॉडवर हळूहळू घरी येता येतं. नकल तुटला तर चाक कुठल्याही दिशेला वळतं आणि त्या क्षणी तुमच्या हातात काही उरत नाही.

म्हणून रानवाटांवर फिरणाऱ्या नवख्या चालकाने स्टॉक रॉड ठेवावेत आणि शक्य असेल तर एक जास्तीचा रॉड जवळ बाळगावा. जाड रॉडची गरज कुणाला? शर्यतीत उड्या मारणाऱ्याला, किंवा मोठे जड टायर लावून खडकाळ भागात चालवणाऱ्याला, ज्याचे स्टॉक रॉड आपटल्याशिवायही वाकतात. अशांनी मजबूत रॉड घ्यावेत, पण प्रत्येक मोठ्या आपटीनंतर नकल आणि स्टेमच्या तळाची पट्टी तडा गेलाय का म्हणून तपासायची सवयही लावून घ्यावी.

टाय रॉड एंड. दोन जाती आहेत. एक, रबरी बुटात बंद असलेला, आत ग्रीस असलेला. स्टॉक बहुधा हाच असतो. दुसरा, उघडा गोल जॉइंट, ज्याला हाइम जॉइंट म्हणतात. हाइम दिसायला सुबक असतो आणि ढिलाई अजिबात नसल्यामुळे शर्यतीच्या गाडीवर छान वाटतो. पण उघडा असल्यामुळे माती-पाणी थेट आत जातं आणि चिखलात तो लवकर वाजू लागतो. ज्याला दर थोड्या दिवसांनी जॉइंट पुसून तपासायचा कंटाळा नाही त्याने हाइम घ्यावा, बाकीच्यांनी बूट असलेलाच घ्यावा.

बॉल जॉइंट. इथे आफ्टरमार्केट खरोखर कामाला येतं. काही मॉडेलमध्ये कंपनी बॉल जॉइंट सुटा देत नाही, तो गेला की अख्खा ए-आर्म घ्यायला सांगते. आर्म धडधाकट असताना असं करणं पटत नाही. ऑल बॉल्ससारख्या कंपन्या सुटे बॉल जॉइंट विकतात, जुना प्रेसने काढून नवा बसवता येतो. हातोडीने ठोकून बसवू नका. जॉइंटची जागा लंबगोल झाली तर शेवटी आर्मच घ्यावा लागतो. प्रेस नसेल तर आर्म काढून न्या आणि गॅरेजमध्ये बसवून घ्या. वंगण मारायचं निपल असलेला जॉइंट मिळत असेल तर तो निवडा.

ए-आर्म आणि रुंदी. लांब आर्म लावले की गाडी रुंद होते आणि वळणावर कमी कलंडते, हे खरं आहे. पण टाय रॉड आणि ए-आर्म हे दोन्ही सस्पेन्शनबरोबर कंसात वर-खाली फिरतात आणि ते दोन कंस एकमेकांशी जुळलेले असावे लागतात. ते जुळले नाहीत तर खड्ड्यात गेल्यावर, हँडल न वळवताही, चाकं आपोआप आत किंवा बाहेर वळतात. याला बंप स्टिअर म्हणतात. सरळ रस्त्यावर गाडी वळवळते आणि चालवणाऱ्याला वाटतं आपलाच हात हलतोय. म्हणून लांब आर्म घ्यायचेच असतील तर त्यांच्यासाठीच बनवलेले टाय रॉड, शॉक आणि ब्रेकची पाइप यांचा सेट एकत्र घ्या. अर्धा सेट आज आणि अर्धा पुढच्या वर्षी, असं इथे चालत नाही.

चाक नुसतं बाहेर ढकलणारे स्पेसर किंवा वेगळ्या ऑफसेटच्या रिम यांबद्दलही तेच. चाक वळण्याच्या अक्षापासून जितकं लांब, तितके हिसके जास्त आणि बॉल जॉइंटवर ताणही जास्त.

डॅम्पर. हिसके शोषून घेणारा हा हायड्रॉलिक पार्ट उत्तम आहे, लांबच्या खडबडीत प्रवासात मनगटं वाचवतो. पण तो सगळ्यात शेवटी घ्या. झिजलेल्या जॉइंटवर डॅम्पर लावला की लक्षणं झाकली जातात आणि झीज चालूच राहते.

पायरी ४: नेमका पार्ट जुळवून घ्या

मॉडेलचं नाव पुरेसं नाही. एकाच नावाच्या क्वाडमध्ये वर्षागणिक आट्यांचा आकार, टेपर (दांड्याचा निमुळतेपणा) किंवा स्टेमची लांबी बदललेली असू शकते. चेसिस नंबरवरून वर्ष नक्की करा, मोठ्या कंपन्यांच्या पार्टच्या आकृत्यांमधून कंपनीचा पार्ट नंबर काढा, मग आफ्टरमार्केट विक्रेत्याच्या यादीत तो नंबर आहे का ते बघा. नुसतं ‘सगळ्या मॉडेलला बसतो’ असं लिहिलेला टाय रॉड एंड घेऊ नका.

पार्ट हातात आल्यावर जुन्याशेजारी ठेवा. आट्यांचा व्यास आणि पिच (लागोपाठच्या आट्यांमधलं अंतर), आटे सुलटे की उलटे, टेपर असलेल्या भागाची जाडी, भोकांमधलं अंतर हे सगळं व्हर्नियरने मोजा. टेपरचा दांडा नकलमध्ये हाताने घालून बघा: तो डुगडुगला किंवा फार वर राहिला तर पार्ट चुकीचा आहे. नटने ओढून तो ‘बसेल’ अशी आशा धरू नका. स्टिअरिंगमध्ये नाव नसलेला, अतिस्वस्त पार्ट नको. ग्रिप स्वस्त घ्या, आरसा स्वस्त घ्या, पण जो तुटला तर चाक सुटतं तो नको. वॉरंटी चालू असेल तर बदलाने ती जाते का, आणि शर्यतीत उतरणार असाल तर तुमच्या गटात काय चालतं, हेही आधी विचारून घ्या.

पायरी ५: बसवणं आणि टो लावणं

काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. जुना टाय रॉड एंड काढताना तो किती फेऱ्यांत निघतो ते मोजा आणि नवा तितक्याच फेऱ्या आत घाला, म्हणजे टो, अर्थात पुढची चाकं समोरून किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, साधारण जागेवर येतो. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्याला उलटे. म्हणूनच मधला रॉड फिरवला की दोन्ही टोकं एकदम लांबतात किंवा आखूड होतात. दोन्ही टोकांना आटे जवळजवळ सारखे आत गेलेले असावेत. एक टोक जेमतेम आट्यांवर लटकलेलं असेल तर ते एक दिवस निसटणारच.

कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) आधी मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तिथे सांगितलेल्या जोराने, आवळा. पिनेचं भोक खाचेशी जुळलं नाही तर थोडा अजून आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही. स्प्लिट पिन दरवेळी नवीन. आत नायलॉनची कडी असलेले लॉकनटही नवेच वापरा. टॉर्कचा आकडा अंदाजाने धरू नका. टॉर्क पाना आणि तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल ही दोन्ही या कामाची हत्यारं आहेत.

टो बघण्यासाठी गाडी चाकांवर सपाट जागी उभी करा, हवा सारखी करा, हँडल सरळ ठेवून बांधून टाका. दोन्ही पुढच्या टायरच्या मधोमध, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. मग गाडी ढकलून चाकं अर्धा फेरा फिरवा, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला तितक्याच उंचीवर येतील. पुन्हा मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी असेल तर टो-इन, जास्त असेल तर टो-आउट. किती मिलिमीटर हवं ते मॅन्युअल सांगतं, आणि गाडीवर माणूस बसवून मोजायचं की रिकामी ठेवून, तेही. डावा आणि उजवा रॉड सारखाच फिरवा, नाहीतर टो बरोबर येईल पण हँडल तिरकं राहील. शेवटी प्रत्येक रॉडचे दोन्ही चेकनट (टाय रॉड एंड जागी धरून ठेवणारे नट) आवळा, टाय रॉड एंडची तोंडं आवळताना फिरली नाहीत ना ते बघत.

पायरी ६: इंजिन चालू करून हँडल फिरवा

नवा बार किंवा उंच स्टेम बसवला असेल तर ही तपासणी टाळू नका. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला, इंजिन आयडलिंगवर. हँडल अगदी डावीकडे टोकापर्यंत न्या, मग अगदी उजवीकडे. इंजिनचा आवाज किंचितही चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. अशी गाडी पूर्ण वळणावर आपोआप वेग घेईल. केबलचा मार्ग बदला किंवा लांब केबल घ्या. ब्रेकची पाइप दोन्ही टोकांना ताणत नाही, कुठे घासत नाही, क्लॅम्पखाली चिरडत नाही हेही तेव्हाच बघा. टाकीवर किंवा प्लॅस्टिकवर बार आपटतोय का? आपटत असेल तर बार थोडा पुढे फिरवा.

मग हेल्मेट घालून मोकळ्या सपाट जागेत सावकाश चालवा. हात हलका ठेवून सरळ जा, दोन्हीकडे पूर्ण वळा, ब्रेक मारा. एकीकडे ओढणं, ब्रेकला थरथर, वळताना मध्येच अडकणं यांपैकी काही जाणवलं तर गाडी परत स्टँडवर घ्या. सगळं ठीक असेल तर प्रत्येक नट आणि त्याच्या बाजूच्या धातूवरून पेंट मार्करने एक सलग रेघ ओढा. पहिल्या खडबडीत फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरलाय. न फिरलेल्या नटांवरही एकदा टॉर्क पाना लावा, कारण नवे क्लॅम्प आणि टेपर पहिल्या फेरीत थोडे दबून बसतात. पुढच्या धुलाईच्या वेळी पुन्हा हीच तपासणी करा, विशेषतः चिखलातून आल्यावर.